फवारणी पंपातलं भाषायंत्र

तीन महिने नाटक बसवा, प्रयोग होतो एक आणि किस्से उरतात पन्नास. आमच्या वरठीच्या हौशी मंडळात मी प्रॉम्प्टर. विंगेत वही घेऊन बसायचं आणि दुसऱ्यांचं ऐकायचं, त्यामुळे सगळे किस्से माझ्याकडेच साठलेत.

यंदा गजभिये सरांनी विज्ञाननाटक लिहिलं. सर निवृत्त शिक्षक, आयुष्यातलं पहिलंच नाटक. "स्पर्धेच्या भंडाऱ्याच्या फेरीत निवड झाली नाही, तर पुन्हा लेखणी धरणार नाही," असं त्यांनी जाहीर करून ठेवलेलं. काहींनी याला धमकी समजलं, काहींनी आश्वासन.

गोष्ट अशी: परग्रहावरचा पाहुणा आंधळगावच्या तलावाकाठी उतरतो. पाठीवर भाषायंत्र. तो त्याच्या भाषेत बोलतो, यंत्र मराठीत सांगतं. यंत्र म्हणजे धानावर औषध मारायचा फवारणी पंप, वरून चंदेरी रंग! त्याचा आवाज अंगणवाडीच्या लताबाईंचा, मागून माइकवर.

पाहुणा झाला डोमा. कारखान्यात वेल्डर. बारा वर्षं त्याने पहारेकरी, दुसरा गावकरी आणि एकदा प्रेत केलं होतं. आता थेट हिरो! फक्त मराठीत एकही वाक्य नाही. "झुर्र टक फुंग", संपलं.

*

पहिल्याच तालमीत डोमाने विचारलं, "सर, हे यंत्र चालते कसं जी?"

सर खूश झाले. "ते मेंदूतल्या लहरी वाचतं. बोलण्याच्या आधीच अर्थ पकडतं."

"मंग मी तोंड कायले हलवू?"

सरांनी चहाची सुट्टी जाहीर केली.

*

नाटकात गावकरी नुसतं "कोण रे तू?" म्हणतात आणि यंत्राला अख्खी मराठी येते. तीन शब्दांत! विज्ञानकथेत असंच असतं म्हणे.

लताबाई म्हणाल्या, "माह्या पोराले दहा वर्सं इंग्रजी शिकवली. अजून 'मे आय कम इन'च्या समोर नाही गेला."

शाळेत इंग्रजीला शिक्षक नव्हता. ती दहा वर्षं सरांनीच शिकवली होती.

*

यंत्र सगळ्याचं भाषांतर करायचं, पण पाहुण्याच्या जेवणातला 'झिंगोरा' झिंगोराच राहायचा.

"हा काहून नाही बदलला?"

"काही शब्दांचं भाषांतर होतच नसतं, डोमा," सर गंभीरपणे म्हणाले.

वही माझ्याकडे होती. सरांनी तिथे आधी 'भात' लिहून खोडला होता.

*

भांडण झालं शेवटच्या वाक्यावरून. पाहुणा यानात चढताना आपल्या ग्रहाला निरोप पाठवतो, "आम्ही येत आहोत."

डोमा अडला. "यंत्र आपल्या तलावावर मराठी शिकलं ना? मंग ते 'आम्ही येऊन राहिलो' म्हणन."

"परीक्षक बाहेरचे आहेत! त्यांना वाटेल पाहुणा इथेच येऊन राहिला. मुक्कामाला! नाटकाचा शेवट उलटा होईल."

सर मूळचे इथल्याच नाकाडोंगरीचे, घरची बोली हीच. पण तीस वर्षं पोरांच्या वह्यांतला प्रत्येक 'राहिला' त्यांनी लाल शाईने खोडला होता.

"सर, तुमची माय घरी कसी बोले जी?" डोमाने विचारलं.

सरांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि ते घरी गेले. वाईट वाटलं मला. दोघांचं बोलणं बंद झालं.

*

पुढचे तीन आठवडे सगळं लताबाईंमार्फत.

"लताबाई, त्या मूर्खाला सांगा, उजवीकडून ये."

"डोमाभाऊ, सर म्हणून राहिले, तुम्ही उजवीकडून लय शोभता."

"त्यायले सांगा, माही मर्जी!"

"सर, डोमाभाऊ हो म्हणते."

इतकं चांगलं भाषायंत्र कुठल्याच ग्रहावर बनलं नसेल. पण दोन्हीकडून रोज तीन तास चालवल्यावर काय होणार? प्रयोगाच्या दिवशी सकाळी लताबाईंचा घसा बसला. पूर्ण! तोंडातून नुसती हवा.

माइक शेवटी सरांनी घेतला. डोमाला हे मेकअप करताना कळलं. भांडायचं तर कुणामार्फत? त्याची भाषा बोलणारं यंत्रच राहिलं नव्हतं.

प्रयोग मात्र सुरळीत चालला. डोमा झुर्र म्हणाला की सर मराठीत सांगत होते. पार शेवटपर्यंत.

डोमा यानात चढला. "झुर्र टक फुंग."

"आम्ही येत आहोत," पंपातून सरांचा आवाज आला. शुद्ध!

पडद्याची दोरी माझ्या हातात होती. मी ओढणार, तेवढ्यात डोमा विंगेकडे बघून तावातावाने ओरडला, "फुंग टक झुर्र झुर्र फुंग!"

हे वहीत नव्हतं. हॉल यंत्राकडे बघत बसला. यंत्राला काहीतरी बोलणं भाग होतं.

सरांनी घसा साफ केला. "आणि गजभिये सरांची मी क्षमा मागतो."

डोमा गर्रकन वळला.

"मी असं नाही म्हणलो जी, सर!"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. परीक्षकांनी पेनं खाली ठेवली. लताबाईंनी पदर तोंडात कोंबला. मी दोरी तशीच धरून उभा.

पंप खरखरला. मग आतून आवाज आला,

"मंग काय म्हणून राहिला रे?"