रेत्नोच्या कपाळावरची रेघ

सुवार्ती माझी थोरली वहिनी. नवऱ्या सजवते, आणि आमच्या बांतुलच्या आसपास तिच्या हाताला नाव आहे. नवरीच्या कपाळावर केसांच्या कडेनं काळ्या महिरपी काढायच्या, हे खरं कसबाचं काम. एक रेघ वाकडी गेली की सगळे पाहुणे तेवढीच बघतात. म्हणून आदल्या दिवशी ती उपास धरते, त्यानं नवरीला तेज चढतं म्हणे.

गेल्या वर्षी तिचा हात थरथरायला लागला. छाती धडधडायची, श्वास पुरायचा नाही, झोप उडालेली. आमच्याकडे अशा माणसाच्या अंगात वारा शिरलेला असतो. पाठीला तेल लावून नाण्यानं घासायचं, लाल पट्टे उठले की वारा बाहेर. मी वहिनीची पाठ इतकी घासली की जुने पट्टे मावळायच्या आत नवे उठत. वारा काही हलेना.

शेवटी ती म्हणाली, "मुर्नी, रेत्नोला सजवायला दुसरं कुणी बघ. माझ्या हातून पोरीचं कपाळ बिघडेल."

रेत्नो माझी एकुलती एक मुलगी. मला रडू आलं आणि संतापही आला. वहिनीला हाताला धरून आरोग्य केंद्रात नेलं.

डॉक्टर निंग्रुम पाठ तपासायला गेल्या आणि थबकल्या. "आई, हे रोजचंच आहे का?"

"वारा शिरतो ना, डॉक्टर."

मोठ्या माणसांना त्रास नको म्हणून वहिनी सगळ्याला होच म्हणते. झोप लागते? हो. जेवण जातं? हो. काळजी नाही ना कसली? हो, हो. डॉक्टरांनी हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली, थायरॉईडसाठी रक्त घेतलं. पुढच्या खेपेला सगळं ठीक निघालं. दुसरं कुणी असतं तर गोळी देऊन वाटेला लावलं असतं. ह्यांनी खुर्ची जवळ ओढली.

"वारा शिरतो तेव्हा डोक्यात काय चाललेलं असतं?"

मग वहिनी जी सुटली! रेघ चुकेल, नवरीचा संसार मोडेल, मुलगा गाडीवरून पडेल, नवरा झोपेतच जाईल.

"थांबवता येतं का हे?"

"नाही हो. गेल्या पावसाळ्याच्याही आधीपासून, रोज."

"जगूच नये असं वाटतं?"

"छे, घरात लग्न आहे."

"आई, हा चिंतेचा आजार आहे. खरा आजार, आणि बरा होणारा."

"म्हणजे मी वेडी?"

"ती तू आधीपासून आहेस," मी म्हटलं. डॉक्टरही हसल्या.

गोळ्या सुरू झाल्या. दर आठवड्याला तिथल्या समुपदेशक बाईंशी बोलायचं, श्वास हळू सोडायला शिकायचं. रेघांचा सराव मात्र माझ्या कपाळावर. पन्नाशीत नवरीच्या महिरपी मिरवत मी भाजी आणायला जायचे. लोकांना काय, फुकटची करमणूक.

लग्नाच्या सकाळी मधल्या महिरपीवर तिचा हात थरथरला. वहिनीनं ब्रश खाली ठेवला.

"चिंता आली आहे," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "बसेल थोडी, मग जाईल."

हळूहळू श्वास सोडला. ब्रश उचलला आणि रेघ एका दमात पुरी केली, अशी गोलाईदार की नवऱ्याकडच्या बायकासुद्धा पुढे सरकल्या.

माझ्या पोरीचं कपाळ बघून मी हुंदके द्यायला लागले. वहिनीनं मला कोपरानं ढकललं.

"रडायचं तर बाहेर जा. रंग अजून ओला आहे."

वर्षभरात ती इतक्या तोऱ्यात बोलली नव्हती. मी आनंदानं बाहेर गेले.