यादीत नसलेले खरेकाका

गेल्या महिन्यातला एक शनिवार. सकाळी नऊ वाजता कर्वेनगरला आमच्या सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये मी मोठ्या ऐटीत नवीन यादी वाटत होते...

आमचा दहा-बारा जणांचा ग्रुप आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांना आठवड्यातून एकदा फोन करायचा, चार शब्द बोलायचं, एवढंच काम. आधी सगळं वहीत होतं. मी आयटीवाली, त्यामुळे वही डेटाबेसमध्ये न्यायचं काम हौसेनं अंगावर घेतलं.

एका टेबलमध्ये माणसांची नावं, दुसऱ्यात कोणाला कधी फोन झाला त्याची नोंद. पायथनमधलं एक टूलकिट वापरलं... डेटाबेसची भाषा, म्हणजे एसक्यूएल, हाताने न लिहिता कोडमधूनच दोन्ही टेबलं जोडायची आणि विचारायचं, आठवडाभरात कोणाला फोन झालेला नाही? सेकंदात यादी हजर. मी जाम खूश.

सुलभाताई आमच्यातल्या सगळ्यात सीनियर, टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. त्यांनी चष्मा लावून यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "यादी देखणी आहे. खरेकाका कुठायत?"

"त्यांना या आठवड्यात फोन झाला असेल ताई, म्हणून नाव आलं नसेल."

"अगं, त्यांचं नाव मी तुला बारा दिवसांपूर्वी दिलं. त्यांना अजून एकदाही कोणी फोन केलेला नाही."

चूक लगेच लक्षात आली... टेबलं जोडायला मी साधा जॉइन लावला होता. तो दोन्ही टेबलांत असलेल्यांनाच उचलतो. ज्यांना एकही फोन झाला नाही, त्यांची दुसऱ्या टेबलमध्ये नोंदच नाही. म्हणजे ज्यांना सगळ्यात आधी फोन जायला हवा, नेमके तेच गायब!

ताईंनी तिथूनच काकांना फोन लावला. रिंग जात होती, उचलत कोणी नव्हतं. तीनदा लावला. मग मला म्हणाल्या, "गाडी काढ."

काका दोन गल्ल्या सोडून राहतात. शेजारच्या वहिनींकडे किल्ली होती म्हणून बरं. दार उघडलं तर काका स्वयंपाकघरात जमिनीवर... पहाटे पाय घसरून पडले होते, उठताच येत नव्हतं. आम्हाला बघून म्हणाले, "फोन वाजत होता. म्हटलं, चला, कोणाला तरी आठवण आहे."

खुब्याचं हाड मोडलं होतं. अँब्युलन्स, हॉस्पिटल, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन... सगळं नीट पार पडलं.

हॉस्पिटलच्या बाकावर बसूनच मी कोड दुरुस्त केला. पहिल्या टेबलमधलं प्रत्येक नाव धरून ठेवणारा आउटर जॉइन लावला आणि 'फोनची तारीख रिकामी असेल तरी नाव दाखव' अशी अट टाकली. दोन ओळींचा बदल. आणखी चार नावं वर आली, चौघांनाही लगेच फोन केले. सगळे ठणठणीत. एका आजींनी तर विचारलं, "नाव देऊन पंधरा दिवस झाले. मुहूर्त बघत होतात का?" इतका गोड टोमणा मी पुण्यात आल्यापासून ऐकला नव्हता.

काका आता वॉकर घेऊन चालतात. परवा त्यांनी स्वतःसाठी पाच नावं मागून घेतली. बसून करायचं काम आहे, मला जमेल, म्हणाले.

सुलभाताईंना थँक यू म्हणायला फोन केला, तर "पुरे आता, कामं आहेत" म्हणून ठेवून दिला... म्हणून इथे लिहितेय, इथे तुम्हाला मध्येच फोन ठेवता येणार नाही. ताई, अगदी मनापासून थँक यू.