खंडेनवमीची हत्यारं

मुरुमला आमच्या घरासमोर महालिंगप्पाचं लॉरी दुरुस्तीचं दुकान होतं. नवे भाग सहसा मिळत नसत. स्टिअरिंगच्या पेटीतून तेल गळू लागलं की तो जुन्या मोटेच्या चामड्याची चकती कापून आत बसवायचा. अशा दोन-चार चकत्या त्याच्याकडे कायम तेलात मुरत असत. उमरग्याचे ड्रायव्हरसुद्धा त्यासाठी त्याच्याकडे येत.

एकसष्ट सालच्या खंडेनवमीला त्याची बायको काशम्मा अडली. मी पहाटेपासून तिच्या उशाशी होते. मूल आडवं आहे, सोलापूरला न्या, असं सुईणीने सांगितलं. गावातली वाहनं नवरात्राच्या भाड्यावर तुळजापूरला गेली होती. उरली होती फक्त महालिंगप्पाचा धाकटा भाऊ गुंडप्पा चालवायचा ती घरची डिझेल लॉरी. तिच्या स्टिअरिंगचं तेल पार गळून गेलं होतं आणि ते वळता वळत नव्हतं. दसरा झाल्यावर पेटी उघडू, म्हणून ती तशीच उभी होती.

दुकानातले पाने, पकडी, हातोडे विभूती लावून, झेंडूची माळ घालून घरात पाटावर मांडले होते. पुजलेली हत्यारं दुसऱ्या दिवशीच्या शिलंगणाआधी हलवायची नाहीत, ही त्यांच्या घरची रीत. महालिंगप्पाची आई इरम्मा पाटापुढेच बसल्या.

"पुजंतलं हत्यार उचललं तर घरातलं माणूस जातंय," त्या म्हणाल्या. "उद्या उचल."

महालिंगप्पाने आईचा शब्द मोडला नाही. ग्रीस लावलेली सुतळी त्याने गळतीच्या जागी नुसत्या हातांनी आवळली, तेल भरलं, आणि काशम्माला गादीवर निजवून आम्ही निघालो. गावाबाहेरच्या ओढ्याशी सुतळी निसटली. तेल वाहून गेलं, स्टिअरिंग अडकलं. दोघा भावांनी मिळून ते ओढत लॉरी कशीबशी माघारी आणली. तोवर काशम्माचं कण्हणं बारीक झालं होतं.

मग महालिंगप्पा घरात गेला, आईला बाजूला सारलं आणि हत्यारं उचलली. माळ तुटली. इरम्मा भिंतीकडे तोंड करून बसल्या. त्याने पेटी सोडवली, चकती बसवली, तेल भरलं. कामात कुठे घाई दिसली नाही, फक्त ओठ पांढरे पडले होते.

सोलापूरला पोचेपर्यंत दिवस कलला होता. बाळ पोटातच गेलं होतं, आणि थोड्या वेळाने काशम्माही गेली. सकाळी आणली असती तर वाचली असती, असं डॉक्टर म्हणाले. घरी परतल्यावर इरम्मा एवढंच म्हणाल्या, "एक दिवस थांबला न्हाईस."

महालिंगप्पाने पुन्हा दुकान उघडलं नाही. ओळखीचे ड्रायव्हर आधी चेष्टा करून पाहत. "काय अप्पा, मठात जाऊन स्वामी होताव का आता?" तो ऐकून घ्यायचा. पुढे त्यांनीही येणं सोडलं.

एकदा माझ्या ओट्याशी येऊन त्याने विचारलं, "बाई, तुमी शिकलेल्या. म्या हत्यारं लवकर उचलली म्हणून ती गेली, का उशिरा उचलली म्हणून?"

तुझा दोष नाही, असं मी म्हणाले. त्याने ते विचारलंच नव्हतं. तो निघून गेला.

गुंडप्पा पुढे कित्येक वर्षं ती लॉरी चालवत होता. ती दारात उभी राहिली की महालिंगप्पा यायचा आणि वाकून पेटीखाली हात फिरवायचा. जमीन कोरडी असायची.