डिमेलोसाहेबांच्या पपांची चाल

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं रविवारी एकत्र बसली, त्यात एखादी माझ्यासारखी दारावरच्या टकटकीलाही दचकणारी असली, की ते आपोआप साचतात. आमच्या अंबरनाथच्या मँडोलिन क्लबात तर सूर कमी आणि माझी फजिती जास्त! इतरांना हसू येतं. मला अजून कानशिलं गरम झाल्यासारखी वाटतात.

*

डिमेलोसाहेब कारखान्यात फोरमन. यंत्रांच्या धडधडीत त्यांचा डावा कान गेला, उजवा जायच्या बेतात. मी कॉलेजात इंग्रजी नोटेशन शिकले होते, हे कळताच त्यांनी मला घरी बोलावलं आणि मेणकापडात गुंडाळलेलं एक बाड पुढ्यात ठेवलं. गोव्याहून आणलेलं, हातानं लिहिलेलं मँडोलिनचं जुनं संगीत.

"बाय, माझे पपा हेच कागद समोर ठेवून वाजवायचे. मी लहान असताना ते गेले. त्यांची एक चाल होती. मला गुणगुणता येत नाही, पण ऐकली तर ओळखीन. हा कान आहे तोवर ऐकव."

मी मोठ्या गंभीरपणानं पहिलं पान उलटलं. आतून कागद खाणारी एक कसर सुळकन माझ्या मनगटावर आली. मी किंचाळले, बाड उडालं आणि एक पान थेट मिसेस डिमेलोंच्या माशांच्या आमटीत!

साहेब ते पान निथळवत म्हणाले, "घाबरू नको गो. ती या घरात माझ्याही आधीपासून आहे."

*

मग मी ते संगीत क्लबासाठी सारेगममध्ये उतरवायला घेतलं. पाहते तर पानापानावर तिसऱ्या ओळीच्या शेवटी एक काळा ठिपका. मी त्याचाही सूर लिहिला. वर क्लबात व्याख्यान दिलं, "ही या संगीतकाराची लकब आहे. प्रत्येक चालीत तो याच जागी पंचमावर येतो."

आमचे लछूभाई, म्हणजे उल्हासनगर कॅम्प तीनमधले कापडवाले, सिंधहून येताना ट्रंकेपेक्षा मँडोलिन जपून आणणारे. त्यांनी तो पंचम घोटून घोटून पक्का केला. "वाह, क्या जगह है!"

डिमेलोसाहेबांनी एक पान सहज खिडकीकडे धरलं. ठिपक्यातून उन्हाचा कवडसा त्यांच्या नाकावर पडला.

"बाय, हा संगीतकार अजून जिवंत असणार! आतच कुठेतरी जेवत बसलाय!"

किडीनं पाडलेल्या भोकाला मी लकब म्हटलं होतं. त्या दिवशी चहाही न घेता निघाले.

*

ओळीच्या शेवटी दोन टिंबं असली की ती ओळ परत वाजवायची, हे लछूभाईंना कधीच पटलं नाही.

"दीदी, एकदा दिलेला माल दुसऱ्यांदा कशाला द्यायचा?"

बदलापूरच्या गणपतीत आमचा कार्यक्रम होता. बाकीचे ओळ परत घेत होते. लछूभाई मात्र सरळ शेवटाला पोचले, उभे राहिले आणि नमस्कार केला. टाळ्या पडल्या. त्या आवाजानं मी इतकी दचकले की वाजवणं सोडून मीही उभी राहून नमस्कार केला!

डिमेलोसाहेब एकटेच शेवटपर्यंत वाजवत राहिले. त्यांना टाळ्या ऐकूच आल्या नव्हत्या.

*

बाडाच्या शेवटची पानं वेगळी होती. चार रेघा आणि रेघांवर आकडे. रेघ म्हणजे तार, आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट, शून्य म्हणजे मोकळी तार. वरची रेघ बारीक तारेची, खालची जाड तारेची, असं मी धरून चालले आणि चाल उतरवली.

ती विचित्रच निघाली. वर चढेल वाटावं तिथे खाली बुडायची.

"दीदी, ये गाना सीढी से गिरा है क्या?" लछूभाईंनी विचारलं.

तरी वाजवली. डिमेलोसाहेब उजवा कान पुढे करून ऐकत होते. एकदम उठून उभे राहिले.

"हीच! पपांची हीच! इथेच खाली येताना ते मान झुकवायचे!" आणि एवढा मोठा माणूस सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडला.

*

नंतर अगदी शेवटचं पान हाती घेतलं. त्यावर तारा जुळवायची रीत होती. वरच्या रेघेवर सात, तिच्या खालच्या रेघेवर शून्य, दोन्हींचा सूर एकच यायला हवा. मी बारीक तारेपासून करून पाहिलं. जुळेना. जाड तारेपासून केलं आणि लगेच जुळलं.

म्हणजे वरची रेघ जाड तारेची! मी अख्खी चाल डोक्यावर उभी करून लिहिली होती, आणि त्या खोट्या चालीवर साहेबांना रडवलं होतं.

मी रडत लछूभाईंचं दुकान गाठलं. ते कापड घडी करत म्हणाले, "गप्प बस. गिऱ्हाईक खूश असताना माल परत मागवायचा नाही!"

माझ्यानं गप्प बसवेना. चाल सरळ करून लिहिली, सगळ्यांकडून बसवून घेतली. ठरवलं, आधी वाजवू, मग साहेबांची माफी मागू.

रविवारी साहेबांच्या घरी वाजवली. सुंदर होती! अलगद चढत जाणारी. मिसेस डिमेलो ओल्या हातांनी दारात येऊन उभ्या राहिल्या. साहेब उजवा कान आमच्याकडे करून, डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत होते. माफीचे शब्द माझ्या ओठांवर आले होते.

त्यांनी डोळे उघडले. माझ्या पाठीवर थोपटलं.

"छान गो बाय! फार गोड. नवीन बसवलंत वाटतं?"

मग खुर्ची आणखी पुढे ओढली.

"बरं, आता पपांची वाजवा."