सासूबाई, ओव्हर

हौशी (हॅम) रेडिओ आपत्तीच्या काळात फार उपयोगी पडतो, हे मी बायकोला, मनीषाला, लग्नापासून सांगत आलो आहे. अडचण एवढीच, की आपत्ती येत नव्हती.

मग एका पावसाळ्यात गाढी नदी फुगली, नेऱ्याचा रस्ता पाण्याखाली गेला, इकडे आमच्या पनवेलची वीज गेली आणि पाठोपाठ सगळे मोबाईल मुके झाले. नेऱ्याला माझ्या सासूबाई एकट्या. मनीषा सकाळपासून बंद फोन कानाला लावून बसली होती. शेवटी, माझ्या रेडिओला 'तो डबा' म्हणणारी ही बाई हळूच म्हणाली, "तुमचा तो... चालतो का?" (हा क्षण फ्रेम करून भिंतीवर लावण्यासारखा होता!)

मी रेडिओ गाडीच्या बॅटरीला जोडला. नेऱ्यात माझ्यासारखाच नाद असलेले एक मास्तर आहेत. ते हातातला सेट घेऊन शाळेत बसले होते. सगळं गाव तिथेच हलवलं होतं. सासूबाई आल्यात, पण भिजून थरथरतायत, त्यांना मुलीशी बोलू द्या, असं ते म्हणाले. मी मनीषाला समजावलं : बटण दाबून बोलायचं, संपलं की 'ओव्हर' म्हणायचं, बटण सोडून ऐकायचं, आणि हे फोनसारखं खाजगी नसतं. तिने 'दाबून बोलायचं' एवढंच ऐकलं.

"आये, तू बरी हाय ना?" ती म्हणाली आणि बटण तसंच दाबून उत्तराची वाट पाहत राहिली. उत्तर येणार कुठून? तिचे डोळे भरून आले. मी हातवारे केले, तिने माझा हात झटकला. तिकडे मास्तरांच्या सेटची बॅटरी उतरत असणार.

"आये, बोल ना. वास्तुशांतीला आमी नाय आलो म्हणून रागावलीस? यांना ताप नव्हता गं! यांनी त्या दिवशी गच्चीवर अँटेना लावला."

तापाची थाप माझी होती, तिला फक्त ती सांगायला लावली होती.

"आणि तू रुखवतात दिलेला तांब्याचा हंडा... त्यात वाळू भरून त्याच अँटेनाच्या काठीच्या बुडाशी ठेवलाय."

मी तिचा अंगठा अक्षरशः उपटून काढला. आधी पेणहून एक अनोळखी आवाज आला. हंडा केवढा आहे, असं त्याला विचारायचं होतं. मग सासूबाई आल्या.

"मने, मी बरी हाय. चाय प्यालेय. ताप नव्हता ते मला ठाव हाय. जावयांनी त्याच दिवशी काठीला लटकल्याचा फोटो स्टेटसला ठेवलेला. हंडा पण दिसत होता."

मागून मास्तर हळूच म्हणाले, "ओव्हर."

मनीषा रडता रडता हसायला लागली. आई सुखरूप आहे, यापलीकडे तिला काहीच नको होतं. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. नंतर कळलं, की हा संवाद पार अलिबागपर्यंत ऐकू गेला. शब्द न् शब्द स्वच्छ, कुठे खरखरसुद्धा नाही. अँटेना मी खरोखरच उत्तम बसवला होता.