युद्ध संपल्यावरचा स्वयंपाक

आमच्या गल्लीत त्याला सगळे जनरल म्हणत. होता लष्करातला आचारी. बंदूक हातात धरली ती भरती झाल्यावर शिकण्यापुरती. पुढची सगळी नोकरी झारा चालवण्यात गेली. परमुलखात लढाई पेटली तेव्हा पलटण गेली आणि पलटणीमागून पातेली गेली. त्याची बायको तेव्हा पोटुशी होती. इस्पितळात चादरी, उशांचे अभ्रे शिवायचं तिचं काम. "चुटकीसरशी आटोपेल," असं तिला सांगून तो गेला, कारण त्यालाही वरून तसंच सांगितलं होतं.

मुलगी रांगली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली, तेव्हा कुठे लढाई संपली. चौकात बँड वाजला. बायकोने घर धुऊन काढलं, नवे पडदे लावले. जनरल आला नाही, त्याचा फोन आला.

"अगं, जवान अजून इथेच आहेत. त्यांना जेवायला कोण घालणार?"

"लढाई संपली ना? मग जवान कशाला?"

"छावणी राखायला."

"आणि छावणी कशाला?"

"म्हणजे काय? जवानांनी राहायचं कुठे?"

बायकोने कपाळाला हात लावला.

पुढे इस्पितळात जखमी सैनिकांसाठी नवा वॉर्ड झाला. उद्घाटनाला मंत्री आले. धार असलेली कात्री एकट्या शिवणखोलीतच होती, म्हणून जनरलची बायको ताटलीत कात्री घेऊन त्यांच्या शेजारी उभी. फीत कापून होताच तिने विचारलं, "साहेब, आमची माणसं परत कधी येणार?"

"ताई, आपण निघालो तर तिथली शांतता धोक्यात येईल."

"आणि राहिलो तर?"

"धोका तेव्हाही आहेच. पण मग तो आपल्या देखरेखीखाली राहतो."

टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी विरोधी पक्षाचा कार्यकर्ता घरी हजर. "मोर्चात सगळ्यांत पुढे उभ्या राहा वहिनी. चेहरा तेवढा रडवेला ठेवा."

"रडवेले चेहरे इस्पितळात पडून आहेत," ती म्हणाली. "त्यातला एखादा उचलून न्या."

त्या रात्री फोनवर ती जनरलवरच उखडली. "तुम्हालाच यायचं नसेल, तर तसं सांगा!"

मग तो म्हणाला, "इथे छावणीला लागून मुलींची शाळा आहे. मास्तर रोज माझ्याकडे चहाला येतात. काल मी त्यांनाच विचारलं, आम्ही जावं की राहावं? म्हणाले, तुम्ही गेलात तर आधीचे सत्ताधारी परत येऊन शाळेला कुलूप घालतील. आणि राहिलात तर माझ्या विद्यार्थिनी तुमच्या पहाऱ्यातच म्हाताऱ्या होतील. आता काय सांगू तुला?"

मुलीची वेणी घालता घालता तिने फोन ठेवला.

मग निवडणूक झाली आणि सरकार बदललं. मोर्चावाले खुर्चीत बसले आणि त्यांना एकाएकी छावणीचं महत्त्व पटलं. जुने मंत्री रस्त्यावर आले आणि जवानांच्या आयांसाठी ढसाढसा रडू लागले. शेवटी दोघांच्याही अब्रूला धक्का लागू नये म्हणून निम्मं सैन्य परत आणायचं ठरलं. राहिलेल्यांनी डबाबंद अन्न खावं, असाही निर्णय झाला. त्यामुळे आचारी सुटला.

जनरल दारात उभा राहिला तेव्हा मुलीने त्याला नीट न्याहाळलं. "काका, तुम्ही किती दिवस राहणार?"

"काका नाही गं. मी तुझा बाबा."

"बाबा तर फोनमध्ये असतात."

तो हसला, पण तोंड धुवायच्या निमित्ताने मोरीत गेला आणि लवकर बाहेर आला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने स्वयंपाकाचा ताबा घेतला. बायको कामावरून आली तर घरभर बटाट्याच्या सालींचा ढीग. "अहो, तिघंच आहोत आपण!" त्या रात्री सगळी गल्ली जनरलकडेच जेवली, कुणाकडे चूल पेटली नाही. महिनाभरात तिने त्याला इस्पितळाच्या स्वयंपाकघरात चिकटवून दिलं, तेव्हा कुठे शेजाऱ्यांची वजनं ताळ्यावर आली.

एवढ्यात पलटणीच्या साहेबांचा फोन आला. डबे खाऊन जवान वैतागले होते. "परत ये, बढती देतो."

जनरलने बायकोकडे पाहिलं. "मास्तरांची शाळाही आहे तिथे..."

"जा की," ती म्हणाली. "मग तुम्हाला राखायला आणखी चार जण जातील. त्यांना रांधून घालायला आणखी एक आचारी. मग त्याची बायको येईल माझ्याकडे, कसं करायचं ते विचारायला."

त्याने साहेबांना नाही म्हणून सांगितलं. त्या दिवशी मात्र तो भरल्या ताटावरून उठला.

हिवाळ्यात उरलेली पलटणही परतली, या वेळी बँडबिंड न वाजता. दोन्ही पक्षांनी श्रेय घेतलं. शाळेला कुलूप लागल्याची बातमी आली, ती कुणीच घेतली नाही.

मास्तरांचा फोन लागेना. जनरल रोज लावून बघायचा. उन्हाळ्यात एकदा मास्तरांनी उचलला. शाळा आता त्यांच्या बहिणीच्या माजघरात भरत होती, मुली मागच्या दाराने येत. "शिकवायचं जमतं हो," मास्तर कुजबुजले, "पण पोरी उपाशी येतात. थोड्याशा शिध्यात सगळ्यांना पुरेल असं काय करू?"

जनरल ताठ बसला. "घरात सगळ्यांत मोठं पातेलं कोणतं आहे?" त्याने आवाज खाली आणून विचारलं, आणि बायकोला खुणेनेच दार लोटून घ्यायला सांगितलं.