रवामगावची गाडी

उंद्रीत बनाबाईचा हात कोनाले माहीत नाई? बाळंतीन असो का तान्हं लेकरू, तेल लावाले तिलेच बोलावत. तळपायाच्या खळीत आंगठा दाबला का रडून निळं पडलेलं लेकरू गपकन झोपे. कसं काय, इचारलं तं म्हने, "मले काय इचारता? बोटाईले इचारा."

महाराष्ट्र नवा नवा झाला तेव्हाची गोष्ट. शेजारच्या इंद्रभानची रुख्मिणी चौथीत होती. पाढे धाडधाड म्हने, पन पुस्तक उघडलं का अक्षरं डोळ्यापुढं नाचत. 'ख' तिले एक अक्षर कधी दिसलाच नाई. 'र' अन् 'व' शेजारी बसलेले दिसत. खामगावचं ते रवामगाव करे. "रव दिसला का ख म्हन वं," पोरं सांगत. मंग रव्याच्या लाडूचा ख्याचा लाडू होये, अन् वर्ग लोळून हासे.

इंद्रभाननं सांगून टाकलं, "यष्टीच्या थांब्यावर नवी पाटी लागली. बाजाराच्या दिवशी वाचून दाखव. वाचली तं शाळा, नाई तं मळा. माह्या वांग्याईले शाळा लागत नाई."

त्यात गुरुजीनं तिले उठाबशा काढाले लावल्या. पोरगी रडत बनाबाईच्या ओट्यावर आली. बनाबाईनं तिच्या कानाच्या लाल पाळ्या बोटात घेतल्या, हळूहळू चोळल्या. हुंदके थांबले.

"कान कसे धरले व्हते वं?"

"उजव्या हातानं डावा, डाव्यानं उजवा."

बनाबाई थबकली. "अवं, मी दाबून राह्यली तेच तं गुरुजीनं दाबाले लावलं! त्यानं रागानं. आपुन लाडानं दाबू."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोघी आंगनात. कान धरायचे, खाली जातानी श्वास घ्यायचा, वर येतानी सोडायचा, मंग पुस्तक. पिकल्या केसाची म्हातारी कान धरून बसे-उठे. गावानं काय समजावं?

"बनाबाई, कोनाची कोंबडी चोरली वं?" सत्यभामाबाईनं कुंपनावरून इचारलं.

हसन्यावारी गेलं असतं तं ठीक. पन बोभाटा झाला का पंचायतीनं बनाबाईले शिक्षा देल्ली. गावातल्या कचरूच्या घरून बाळंतिनीचं बोलावनं बंद झालं. चोट्टी बाई नको म्हने! बनाबाईनं खुलासा केला नाई. उठाबशा बी सोडल्या नाईत.

बाजाराचा दिवस उजाडला. थांब्यावर ही गर्दी. "हं, वाच," इंद्रभान म्हने.

"र... रवा..." रुख्मिणी अडखळली.

बनाबाईनं हातातली पिशवी खाली ठेवली. भर गर्दीत स्वतःचे कान धरले अन् बसली. "चाल वं. म्या एकटीनंच काढायच्या का?"

"काऊन वं आजी, तिकिटाले पैसे नाईत का?" कंडक्टर ओरडला. सारा थांबा हासला. रुख्मिणी नाई हासली. तिनं डोक्यावरची वांग्याची टोपली खाली ठेवली अन् कान धरले. दोघी बसल्या, उठल्या, बसल्या, उठल्या.

तिनं पाटीकडं पाह्यलं. पयल्या शब्दात र चं शेपूट सरकत सरकत व ले जाऊन चिकटलं. शेवटच्या शब्दात मात्र दोघं आपापल्या जागी उभे राह्यले.

"खाम...गाव गाडी... रवाना."

इंद्रभानले स्वतःले वाचता येत नव्हतं. त्यानं कंडक्टरकडं पाह्यलं. "बराबर हाय का हो?"

"हाव. बराबर हाय."

इंद्रभाननं पोरीची वांग्याची टोपली उचलली अन् आपल्या डोक्यावर घेतली. "घरी जाय, दप्तर घे. शाळेची घंटा व्हईन."

बनाबाई अजून कान धरूनच उभी. "गुडघे धरले वं माहे. हात दे."

रुख्मिणीनं हात देल्ला. तेलानं काळी पडलेली, वाकडी बोटं तिच्या मुठीत आली. त्याईत काय होतं, हे तिले कधीच समजलं नाई. बनाबाईले बी नाई.